रानहळदीचा मोठा गड्डा

यावलच्या बाजारात सातपुड्यातली एक म्हातारी नातीला शेजारी बसवून रानहळदीचे कंद विकायची. गिऱ्हाईक आलं की नखाने साल काढून वास घ्यायला द्यायची. त्या कंदांचं सत्त्व आम्ही आमच्या अशक्त मुलीच्या पेजेत घालत असू. खणताना मधला मोठा गड्डा ती कधीच काढत नसे, त्यावर पुन्हा माती लोटायची. “माय राहिनी ते पोरं येतीन, भाऊ,” म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र तिच्या टोपलीत ते मोठे गड्डेच होते, वाळका गुलाबी फुलोरा अजून चिकटलेला. मी चिडलोच. “अक्का, हे का उपटलेत?”

ती नखाने साल काढत राहिली. “मनी नात मरी गयी. आते कोनासाठे ठेवू?”

मी पैसे मोजले. माझ्या मुलीसाठी ती अख्खी टोपली घरी घेऊन गेलो.