पहिल्या पानावरचं वाक्य

तुमच्या आत्याआजी, म्हणजे माझ्या नणंदबाई, इथे जर्मनीत, कोलोनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागल्यावर लिफ्टचं घर घ्यायचं म्हणून यजमानांच्या विम्याचे पैसे त्यांनी बाजूला ठेवले होते. तेवढ्यात एक सल्लागार पवनचक्क्यांच्या कंपनीचं माहितीपत्रक घेऊन आला. कंपनीला पैसे कर्जाऊ द्यायचे, व्याज बँकेच्या कितीतरी वर.

वन्सं जर्मन फडाफडा बोलतात, पण वाचताना अडतात. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, इथे येऊन जर्मनही नीट शिकले. त्यामुळे सगळ्यांचे कागद माझ्याकडे येत. मी पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली.

"वहिनी, सरकारनं बघितलंय ना हे?"

"बघितलंय. केंद्रीय कार्यालयाची मंजुरी आहे. सल्लागाराकडेही परवाना आहे."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मग सही कुठे करू? तुम्ही म्हणाल तिथे. माझ्या भावानं जन्मभर तेच केलं."

आम्ही दोघी हसलो.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मजकूर खरा आहे की नाही, हे कार्यालयानं तपासलेलं नाही. ते मी वाचलं होतं. असं सगळीकडेच लिहितात, असं मनाशी म्हणून मी ते वन्संना सांगितलं नाही.

कंपनी बुडाल्यावर आम्ही दोघी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी समजावलं. केंद्रीय कार्यालय पाहतं ते फक्त कागद पुरा आहे का. विकणाऱ्याचा परवाना कुठे व्यापारी मंडळ देतं, कुठे सरकारी कचेरी. जसं राज्य तसं. माल चांगला आहे का, हे दोघंही पाहत नाहीत. बँकेतल्या ठेवीला कायद्याचं संरक्षण असतं. असं कर्ज देणारे मात्र, कंपनी बुडाली की, पैसे परत मिळायच्या रांगेत शेवटचे.

"सल्लागारानं धोका लपवला, एवढंच आपण म्हणू शकतो," त्या म्हणाल्या. मग वन्संना विचारलं, "सगळे पैसे जाऊ शकतात, याची तुम्हाला कल्पना होती?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

"होती. आमच्या वहिनींनी सगळं वाचून सांगितलं होतं."

खरं सांगायची ती वेळ होती. मी पर्सचा बंद धरून बसून राहिले. धोका माहीत होता म्हटल्यावर दावाच उरला नाही; वकीलबाईंनी फाइल मिटली.

बाहेर आल्यावर वन्संनी माझा दंड धरला. "बरोबर बोलले ना मी?"

"बरोबर बोललात," मी म्हणाले.