पाय गेला का?

"पाय गेला का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. हाय."

ज्ञानोबाचं हे उत्तर तिसऱ्यांदा. भूल देणारी डॉक्टर मी; पलीकडे सर्जन ग्लोव्ह्ज घालून उभे. त्यांच्या कपाळावरची आठी मास्कच्या वरूनही दिसत होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. कंपन्यांच्या भोंग्यांवर अख्खी पिंपरी घड्याळं लावायची, आमचं छोटं हॉस्पिटलसुद्धा. कृत्रिम गुडघा तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. ज्ञानोबा मोशीचा, एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या मशिनवर ऑपरेटर. सायकलवरून पडून गुडघ्याची वाटी फुटली होती. ती तारेनं बांधायची आणि दुसऱ्याच दिवशी गुडघा वाकवायला लागायचं, नाहीतर तो आखडतो. त्याची प्रेस पायाच्या पॅडलवर चालायची. गुडघा आखडला की ते कामही गेलं.

पण ताज्या टाक्यांवर गुडघा वाकवायचा म्हणजे नुसती बोंबाबोंब. म्हणून मी एपिड्युरल दिलं होतं. पाठीतून एक बारीक नळी आत ठेवायची, तिच्यातून औषध सोडलं की कमरेखाली बधिर, म्हणजे आमच्या भाषेत पाय 'गेला'. पेशंट मात्र जागा. नळी तशीच राहू दिली की दुसऱ्या दिवशीही औषध देता येतं.

"मॅडम, तुमची नळी काही चालत नाहीये," सर्जन म्हणाले. "काढून टाका आणि पूर्ण भूल द्या. पुढची केस खोळंबलीय."

नळी काढली तर उद्या हा माणूस गुडघ्याला हात लावू देणार नाही, हे मला दिसत होतं. माझंही डोकं तापलं. मी ज्ञानोबाच्या मांडीला कचकचून चिमटा काढला. गडी ढिम्म. नजर छताला.

"चिमटा कळला?"

"कसला चिमटा?"

"मग पाय गेला म्हण की!"

त्याचे डोळे भरून आले. "कसं म्हनू बाई? आमच्या शॉपमधी बोट गेलं म्हंजी तुटलं. माझ्या शेजारच्या मशिनवाल्याची दोन गेली. माझा पाय हाय. नगा नेऊ."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, पाय कुठं जात नाही. झोपलाय फक्त."

त्यानं जरा विचार केला. "झोपलाय व्हय? मग पार घोरतोय."

सर्जन खदखदून हसले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भोंग्यानंतर सिस्टर सांगत आली, "ज्ञानोबा म्हणतोय, पाय कूस बदलायला लागलाय." कळ सुरू व्हायच्या आत मी नळीतून औषध दिलं. थोड्या वेळानं सर्जनांनी गुडघा उचलून वाकवायला घेतला. ज्ञानोबा उशीवरून मान उंचावून बघत होता.

"हळू, साहेब," तो कुजबुजला, "उठंल त्यो."

काही महिन्यांनी तो पेढे घेऊन आला, सायकल दामटत. प्रेसवर परत गेला होता. फार बरं वाटलं होतं मला.

आता ते भोंगे नाहीत. मला त्यांच्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. औषधं बदलली, गुडघे नवे बसू लागले. मी मात्र रिटायर होईपर्यंत प्रत्येक पेशंटला एवढंच विचारत राहिले, "पाय झोपला का?" गेला का, हे कारखान्याच्या गावात विचारायचं नसतं.