जर्मन साहेबांचा गट आणि आमच्या घरची ओटी

आमचे जर्मन साहेब त्यांच्या देशातल्या एका पक्षात आहेत आणि त्या पक्षातल्या एका गटात आहेत, हे मला दोह्याजवळच्या लुसैलच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कळलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला. गट म्हटलं की माझ्या अंगात येतं. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला हिंदी गाणी चालतील की नाही, यावरून दोन गट आहेत. सूत्रसंचालक मी, त्यामुळे दोन्हीकडे जेवतो.

पण साहेबांचा मामला गाण्यांचा नव्हता. पक्ष मोठा, मधल्या वाटेचा, कित्येक वर्षं सत्तेत राहिलेला. गट त्यातल्या साध्या सभासदांचा. कुणी बेकरीवाला, कुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, कुणी निवृत्त मास्तर. ही मंडळी गावातल्या खानावळीच्या मागच्या खोलीत जमायची आणि म्हणायची, आपला पक्ष आपली जुनी वाट सोडून भलतीकडे चाललाय. घर, धर्म, शिस्त, काटकसर, सगळं पातळ केलंय. साहेब दर गुरुवारी संध्याकाळी द पर्ल वस्तीतल्या आपल्या फ्लॅटमधून लॅपटॉपवर त्या खोलीत जाऊन बसायचे. त्यांची बायको तिकडे, तिच्या आईच्या आजारपणात अडकलेली. इथे त्यांना दुसरं होतं कोण?

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"भिंत," साहेब म्हणाले.

उजवीकडच्या अगदी टोकाला तिथे एक दुसरा पक्ष आहे. त्याच्याशी कसलाच व्यवहार करायचा नाही, असं साहेबांच्या पक्षानं ठरवलेलं. त्यालाच ते भिंत म्हणत. आणि गटाचा म्होरक्या गेले काही महिने भिंतीपलीकडच्या लोकांबरोबर जेवताना दिसत होता. पक्षानं सांगून टाकलं, या गटात राहील त्याला पक्षातून काढू.

"तुम्ही पलीकडे गेलात कधी?"

"कधीच नाही. मग गट का सोडू? ती माझी माणसं आहेत. आणि पक्ष का सोडू? माझे वडील त्या पक्षाची पत्रकं सायकलवरून वाटायचे."

एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातली शेवटची कोथिंबीर वडी न विचारता घेतली. हा माणूस न विचारता पाणीसुद्धा पीत नाही. म्हटलं, प्रकरण गंभीर आहे.

त्यांच्या जिल्ह्याच्या पक्षाध्यक्ष बाई ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाल्या होत्या आणि एक दिवस दोह्यात थांबणार होत्या. परत गेल्यावर साहेबांना ठेवायचं की काढायचं, ते त्या सांगणार, आणि पक्षाची समिती त्यांचं ऐकणार. साहेबांना त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं होतं, पण हॉटेलात नको. "हॉटेलात माणूस भाषण करतो," ते म्हणाले. मी लगेच आमचं घर देऊन टाकलं. इतकी चांगली नाटकाची रात्र मी दुसऱ्याच्या घरी कशी जाऊ दिली असती?

माझ्या बायकोनं एकच अट घातली. "अहो, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. वाढायचं आणि गप्प बसायचं."

शुक्रवारी संध्याकाळी बाई आमच्या अल रय्यानच्या घरी आल्या. सत्तरीच्या आसपास, उंच, पायात सपाट बूट, केस पोरासारखे कापलेले. दारात बूट काढायला सांगावं लागलं नाही. साहेब आधीच येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, दवाखान्यात नंबराची वाट पाहावी तसे.

आमटी-भातापर्यंत हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग बाईंनी चमचा खाली ठेवला आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतच विचारलं, "तुमच्या गटाला जुनं टिकवायचंय. कबूल. मलाही बरंचसं टिकवायचंय. पण सगळं?"

"सगळं," साहेब म्हणाले. "एकदा निवड सुरू केली की हातात काही उरत नाही. तुमच्या लोकांनी तेच केलं."

"आणि तुमचा म्होरक्या ज्यांच्याबरोबर जेवतो, त्यांनाही टिकवायचं?"

साहेबांचे कान लाल झाले. "मी त्यांच्याबरोबर जेवत नाही."

"तो जेवतो, आणि तुम्ही दर गुरुवारी त्याच्यासमोर गप्प बसता."

मी ताकाचा जग उचलला. बायकोनं नुसतं पाहिलं. मी जग खाली ठेवला. साहेब ताटातला भात चिवडत राहिले, बाईंनीही आग्रह केला नाही. श्रीखंड आलं, संपलं. बाई घड्याळ पाहून उठल्या. "शहर फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. पाहुणा शहराचं कौतुक करायला लागला की समजावं, मूळ बोलणं खलास. साहेबही उठले. बाप गेल्यावर घर रिकामं करणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा झाला होता.

तेवढ्यात बायको आतून तबक घेऊन आली. नारळ, तांदूळ, खण, कुंकवाचा करंडा. घरी पहिल्यांदा आलेली बाई ओटी भरल्याशिवाय जात नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

आणि इथे मला राहवलं नाही. किती वेळ गप्प होतो मी. पुढे होऊन, हात पसरून, अगदी रंगमंचावर सांगावं तसं मी बाईंना सांगितलं, की ही आमची फार जुनी पद्धत, पदरात नारळ आणि तांदूळ घालायचे, आणि हा मान फक्त जिचा नवरा हयात आहे तिचा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग माझा नाही. माझे यजमान वारले. त्यांनीच मला पक्षात आणलं होतं."

मला जमिनीनं गिळलं असतं तरी चाललं असतं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचं पक्षातलं उरलंसुरलं आयुष्य त्यांच्याच माणसानं, तेही त्यांच्याच लाडक्या जुन्या रीतीनं, तबकात घालून संपवलं होतं.

बायको जागची हलली नाही. ती चिडली की मराठीतच बोलते. "यांना सांगा, बसा म्हणावं. ओटी मीच भरणार."

एरवी मी भाषांतरात थोडा मसाला घालतो. त्या दिवशी शब्दाला शब्द ठेवला.

"पण नियम?" बाईंनी विचारलं.

"माझ्या सासूबाईंचीही मी भरते. त्यांनाही नवरा नाही. पहिल्या वर्षी आमच्या मोठ्या नणंदबाई चिडून उठून गेल्या. जाऊ दिलं. ओटी मला हवी आहे, म्हणून ती मी ठेवली. त्यातलं एवढं मला नको होतं, ते मी घराबाहेर ठेवलं. कुणी ठरवायचं? भरणारीनं."

भाषणाच्या भरात मी स्वतःच्या आईची ओटी साफ विसरलो होतो. मी सगळं बाईंना सांगितलं. बाई खाली बसल्या. पदर नव्हता, म्हणून गळ्यातला रुमाल सोडून मांडीवर पसरला. बायकोनं कपाळाला कुंकू लावलं, नारळ, खण आणि तांदूळ घातले. मग रुमालातले चार दाणे उचलून मला परत द्या, असं खुणेनं सांगितलं. बाईंनी ते दाणे एकेक करून, औषध मोजावं तसे तिच्या हातात ठेवले.

मग रुमाल तसाच मांडीवर धरून त्या साहेबांकडे वळल्या. आता आवाज खालचा होता. "तुम्हाला गटातलं काय हवंय, ते मला ठाऊक आहे. मी त्यातलं निम्मं माझ्या घरी पाळते. घराबाहेर काय ठेवणार, तेवढं तुम्ही अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मला नका सांगू. त्यांना सांगा."

"ते उठून जातील," साहेब म्हणाले.

"जातील बहुतेक."

"मग माझ्या गुरुवारचं काय?"

बाई रुमालाला गाठ मारायला लागल्या.

साहेबांनी खिशातून फोन काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी, खरकट्या ताटांसमोर बसून लिहायला लागले. एक वाक्य लिहायचे, पुसायचे. बाईंनी टॅक्सीला थांबायला सांगितलं. शेवटी साहेबांनी ते वाचून दाखवलं. जर्मनमध्ये होतं, मग आमच्यासाठी इंग्रजीत सांगितलं: जो भिंतीपलीकडच्यांबरोबर बसेल, त्याच्याबरोबर मी बसणार नाही, म्होरक्यानं ते थांबवावं, नाहीतर मला गटातून मोकळं करावं. पाठवलं. फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

तो लगेच थरथरायला लागला. बाईंना दारापर्यंत पोचवून मी परत आलो तरी थरथरतच होता, आणि तांब्या त्याच्याबरोबर किणकिणत होता. साहेबांनी एकदाच फोन सरळ करून पाहिला. "ऑर्गनवाला," ते म्हणाले. "माझ्या लग्नात त्यानंच वाजवलं होतं." आणि पुन्हा उलटा ठेवला.

गटानं त्यांना मोकळं केलं. पक्षानं ठेवलं. ऑर्गनवाल्यानं साहेबांचा फोन अजून उचललेला नाही.

आता गुरुवारी संध्याकाळी साहेब आमच्याकडे येतात. मंडळाच्या भांडणात मी दोन्हीकडे जेवतो, हे त्यांना पटत नाही. परवा कोथिंबीर वडीचं ताट स्वतःकडे ओढून म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसांमुळेच म्होरके माजतात." बायकोनं त्यांना आणखी दोन वड्या वाढल्या. मला विचारलंसुद्धा नाही.