पंक्चर बँडची हातोडी

हातोडीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत आणि दवाखान्यात उरली आहेत. बाकी सगळ्यांसाठी ती हातोडीच. हे नाव तिला सोळाव्या वर्षी ड्रम वाजवण्यावरून मिळालं आणि इतकं पक्कं बसलं, की नवऱ्याच्या मावशीपर्यंतसुद्धा लग्नाआधीच जाऊन पोहोचलं. नाव स्वभावावरून पडलंय असं समजून ती बिचारी वर्षभर हिच्याशी जपून बोलत होती.

हातोडीचं वय त्रेपन्न, काम कवळ्या बनवण्याचं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि ते हिच्या टेबलावर येतं. मग ही प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, दिव्यासमोर धरून डोळे बारीक करून बघते आणि शेवटी मशीनवर घासून चकचकीत करते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात बनवून हातोडीचं एकतीस वर्षं व्यवस्थित भरलंय. कवळी टोचत असेल तर तोंडाला दोष द्यायचा नाही, पुन्हा माप घ्यायचं, असं ती नव्या मुलींना शिकवते. स्वतःच्या एका जुन्या मापाकडे मात्र तिनं छत्तीस वर्षं ढुंकून पाहिलं नव्हतं.

ते माप असं. शाळेत असताना चार मुलींनी बँड काढला. गिटारवर होती पाना. तिच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज, म्हणून ती पाना. गाणार भोंगा, कारण तिला माईक लागत नसे. बास गिटारवर मौनी, जी आठवड्यात सरासरी तीन वाक्यं बोलायची. आणि ड्रमवर हातोडी. शनिवारी दुपारी गॅरेज बंद झालं की ऑइलचे डबे बाजूला सरकवायचे आणि चार तास आख्ख्या गल्लीच्या डोक्याला ताप द्यायचा. ड्रमचा सेट गॅरेजकाकांनी, म्हणजे पानाच्या बाबांनी, भंगारातून आणलेला. मोठ्या ड्रमचं कातडं फाटलेलं होतं. काकांनी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, त्यावरून बँडचं नाव पडलं ‘पंक्चर’. पहिलं गाणं भोंग्यानं लिहिलं. त्यात बंड होतं, वादळ होतं आणि यमक जुळेना म्हणून मध्येच एक उंट होता.

हातोडीचे बाबा बस चालवायचे. ते आणि गॅरेजकाका लहानपणापासूनचे जिवाभावाचे दोस्त. ड्यूटी संपली की बाबा गॅरेजच्या दारात बसणार, काका हात पुसत बाहेर येणार, मग तासभर दोघं एकमेकांची उणीदुणी काढणार. सरकारपासून स्पार्क प्लगपर्यंत एकाही गोष्टीवर त्यांचं एकमत झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

ती सतरा वर्षांची झाली त्या वर्षी बँडच्या मोठ्या स्पर्धेत ‘पंक्चर’ची निवड झाली. आदल्या दिवशी चौघी हॉल बघून आल्या. आठशे खुर्च्या होत्या. बाकीच्या तिघी हरखल्या, हातोडीच्या पोटात गोळा आला. रात्रभर तो हलला नाही. सकाळी ती उठलीच नाही. आई परगावी गेली होती, बाबा कामावर होते. दुपारी तीनला बाबा घाईघाईनं घरी आले. शिफ्ट बदलून घेतली होती, शर्टाला इस्त्री केली होती.

“चल, निघायचं ना? मी तुला स्कूटरवरून सोडतो आणि पुढच्याच रांगेत बसतो,” बाबा म्हणाले.

“स्पर्धा रद्द झाली,” हातोडी म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी शर्ट काढून पुन्हा हँगरला लावला. ते तिला दिसलं, तरी तिनं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

तिकडे तिघी तशाच स्टेजवर गेल्या. भोंग्यानं टाच आपटून ताल धरला, उंटापर्यंत येता येता तो सुटला आणि आठशे लोक हसले. पहिल्या रांगेत गॅरेजकाका एकटे बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी मित्रासाठी रुमाल टाकून धरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिघी हातोडीसमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिनं उचलली जीभ लावली टाळ्याला. “बाबांनी कोंडून ठेवलं,” ती म्हणाली. बाबांच्या मिशा आणि आवाज बघता कुणालाही ते खरंच वाटलं असतं. वर तिनं तिघींकडून वचन घेतलं, की बाबांना यातलं कुणीही काही विचारायचं नाही, नाहीतर माझं काही खरं नाही. खोटं बोलावं तर असं, चारी बाजूंनी बंदोबस्त करून.

त्या आठवड्यापासून गॅरेजकाकांनी बाबांशी बोलणं टाकलं. बाबांनी त्याचं कारण स्वतःच शोधून काढलं. चार दिवसांपूर्वी ते गिऱ्हाइकांसमोर थट्टेनं म्हणाले होते, “याच्याकडून ब्रेक करून घ्या, गाडी नक्की थांबते. भिंतीला टेकून.” ते मित्राला लागलं असणार. बाबा दोनदा माफी मागायला गेले. काकांनी बॉनेटमधून डोकं वर न काढता “बरं” एवढंच म्हटलं. तिसऱ्यांदा बाबा गेले नाहीत. गॅरेजवरून जाणारा रूटसुद्धा त्यांनी डेपोत सांगून बदलून घेतला. घरी विषय निघाला की म्हणायचे, “माझी जीभच वाईट.” आणि हातोडीनं ब्रेकची ही गोष्ट खरी मानली. मानायला सोयीची होती ना.

मग परीक्षा, नोकऱ्या, लग्नं. बँड कुणी मोडला नाही, तो आपोआप बसला. काका गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. गॅरेज पानानं चालवलं. यंदा तिचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिनं गॅरेज हाताखालच्या मेकॅनिकच्या नावावर करायचं ठरवलं. त्याआधी शेवटच्या शनिवारी तिथं वाजवायचं, असा तिचा हट्ट. तिनं तिघींना फोन केले. भोंगा आता शाळेची मुख्याध्यापिका, मौनी औषधाच्या दुकानात. मौनी फोनवर फक्त “किती वाजता?” म्हणाली.

पहिल्या तालमीला चौघींना गाण्याआधी चष्मे शोधावे लागले. भोंग्याचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरला होता आणि ती ते हवामानावर ढकलत होती. पानाची बोटं कडक झालेली, पण गिटार कानाशी नेऊन तार पिळण्याची लकब तीच. हातोडी अजूनही प्रत्येक गाणं सुरू करायची एका वेगात आणि संपवायची बस सुटत असल्यासारखी. तिसऱ्या मिनिटाला मौनीनं वाजवणं थांबवून, “घाई कसली आहे?” असं विचारलं. तिचं त्या आठवड्याचं एक वाक्य खर्ची पडलं. चौघी इतक्या हसल्या, की हातोडीला वाटलं, मधली वर्षं कुणीतरी उगाच लांबवली होती.

चहा पिताना तिनं सहज सांगितलं, “बाबा पण येतो म्हणालेत.”

पानानं कप खाली ठेवला. “आता बरी परवानगी मिळाली तुला,” ती म्हणाली. “येऊ देत. मी काही बोलणार नाही. पण माझ्या बाबांनी त्यांचं तोंड पाहिलं नाही ते तुझ्यासाठी, हे लक्षात ठेव. पोरीला कोंडणाऱ्या माणसाशी मला मैत्री नको, म्हणाले होते. तुझ्या बाबांना जाऊन चार शब्द सुनावायला निघाले होते. मीच पाया पडून अडवलं, तुला मार बसेल म्हणून.”

हातोडीच्या हातातला चहा गार झाला. ती कप तसाच ठेवून घरी निघाली.

घरी बाबा खिडकीत पेपर वाचत होते. एक्याऐंशी वर्षांचे, मिशा पांढऱ्या, आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोहोचेल असा. आई गेल्यापासून ते हिच्याकडेच राहतात. हातोडी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि स्पर्धेच्या दिवसापासून सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढचं बाहेर पडलंच नसतं.

बाबांनी पेपराची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी घातली.

“म्हणजे ब्रेकवरून नव्हतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“मी दोनदा ब्रेकची माफी मागितली त्याच्याकडे. तो काय समजला असेल? पोरीला कोंडून हा ब्रेकचं काय घेऊन बसलाय?” बाबांचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला सोसवेना. “तू घाबरलीस याचा मला राग नाही. सतरा वर्षांची होतीस. पण तो गेला तेव्हा तू चाळिशी ओलांडलेली होतीस.”

“मला खरंच माहीत नव्हतं, बाबा. मला वाटलं, ब्रेकवरूनच...”

“वाटू दिलंस.”

बाबा दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले. औषध दे, पंखा लाव. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, “त्या तिघींना सांगितलंस?”

“नाही अजून.”

“मग मी येणार नाही. तिथं तुझा बाप म्हणून बसेन, जेलर म्हणून नाही.”

हातोडी रडली, कामावर गेली, एका कवळीत पुढचे दोन दात उलटसुलट बसवले आणि ती कवळी परत उकलली. शुक्रवारपर्यंत तिनं पानाला चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा गिटारच्या तारांबद्दल बोलून ठेवला. तिला एकच भीती होती. इतक्या वर्षांनी मिळालेल्या या तिघी पुन्हा जातील, आणि या खेपेला खऱ्या कारणासाठी जातील.

शनिवारी दुपारी ती निघाली तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. “सांगितलंस?” त्यांनी विचारलं. “तिथं सांगते,” ती म्हणाली. बाबा गाडीत बसले.

गॅरेजमध्ये पन्नास-साठ माणसं जमली होती. जुनी गिऱ्हाइकं, भोंग्याच्या शाळेतल्या शिक्षिका, चौघींचे नवरे, नातेवाईक. बाबा मागच्या भिंतीजवळ बसले. पानानं त्यांना लांबूनच नमस्कार केला. हातोडी एकदा तिच्याकडे गेली, “ऐक ना,” म्हणाली, पण कुणीतरी वायर कुठे लावायची म्हणून पानाला ओढून नेलं. मग भोंग्यानं माईक घेतला आणि मुख्याध्यापिकेच्या थाटात एकेकीची ओळख करून दिली. शेवटी म्हणाली, “आणि ड्रमवर आमची हातोडी. छत्तीस वर्षं उशिरा आलीय, पण या वेळी बाबांनी दाराची कडी काढली बरं का.”

लोक हसले. बाबा खाली बघत होते. हातोडी ड्रममागून उठली, चार पावलं चालून गेली आणि भोंग्याच्या हातातून माईक घेतला. पोटात तोच गोळा होता.

“बाबांनी मला कधीच कोंडलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी घाबरले आणि घरी बसले. त्यांना सांगितलं, स्पर्धा रद्द झाली. तुम्हाला सांगितलं, बाबांनी कोंडलं. ते तर मला सोडायला तयार होऊन आले होते. गॅरेजकाकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते माझ्या खोट्यामुळे. चूक माझी आहे.”

भोंगा तोंड उघडं टाकून उभी होती. पाना गिटारच्या पट्ट्यावर अंगठा घासत राहिली, हातोडीकडे तिनं पाहिलंच नाही. हातोडी परत जाऊन ड्रममागे बसली, कारण दुसरं कुठं जावं ते तिला कळेना. तेव्हा मौनी वळली आणि म्हणाली, “चार मोज.”

हातोडीनं ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटत चार मोजले. चौघींनी चार गाणी वाजवली. पहिलं वाईट झालं, दुसरं बरं, तिसऱ्यात उंट आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्यात हातोडी इतकी पळाली, की बाकीच्या तिघी धापा टाकत मागे आल्या. पण टाळ्या थांबल्यावर पानानं गिटार खाली ठेवली आणि हातोडीच्या समोरून, तिला ओलांडून, सरळ मागच्या भिंतीकडे गेली. हातोडीही उठून तिच्या मागोमाग गेली.

पाना बाबांसमोर उभी राहिली. “काका, मी इतकी वर्षं तुमच्याबद्दल काय काय बोलले,” ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

“तुझी काय चूक?” बाबा म्हणाले. “मला एवढंच सांग. त्यानं शेवटी कधी माझं नाव काढलं होतं?”

पाना त्यांच्या शेजारी बसली. “दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाले, तो अजून बस चालवतो का गं? जरा बघून ये. मी म्हटलं, त्या माणसाचा विषय नको, तुम्हाला त्रास होईल. मग त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.”

बाबांनी इतक्या हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, की हातोडीला वाकावं लागलं.

“मला रिटायर होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती,” ते म्हणाले. “त्याला एवढंसुद्धा माहीत नव्हतं.”