वरच्या वळणावरचं काम बंद

माधवनगरच्या घरात बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. मोठ्या कामात कुणी काय करायचं, कुणाचं झाल्यावर कुणी सुरू करायचं, हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेलं असतं. आता त्यात एआय एजंट आलाय. लोक त्याला साध्या मराठीत लिहितात आणि तो त्यांच्यासाठी नोंदी बदलतो. प्रत्येक बदलासाठी त्याच्याकडे एक टूल असतं. कुठलं टूल कधी वापरायचं, हे त्याला त्या टूलखाली लिहिलेल्या ओळींवरूनच कळतं. या ओळी पूर्वी कुणीतरी घाईघाईत लिहून टाकल्या होत्या. त्या नीट करायला मला नुकतंच घेतलं होतं.

माझा धाकटा भाऊ कोयनानगरकडच्या घाटरस्त्याच्या कामावर असतो. त्याचा कंत्राटदार आमचंच सॉफ्टवेअर वापरतो. त्या दिवशी सकाळी भावाचा मेसेज आला. ‘आक्का, तुमच्या एजंटचा निरोप आला. वरच्या वळणावरची दरड काढून झाली म्हणतोय. गटाराच्या कामाला माणसं घेऊन निघालो.’

मला बरं वाटलं. आपलं काम आपल्या माणसाच्या उपयोगी पडतंय, असं रोज कुठं दिसतं? मग कुतूहल म्हणून मी ती नोंद उघडली. दरड काढणाऱ्या टोळीच्या मुकादमानं एजंटला लिहिलं होतं, ‘वरच्या वळणावरचं काम बंद केलंय. दगड अजून सुटत्यात.’

मी ती ओळ पुन्हा वाचली.

आमच्याकडे ‘काम बंद करा’ नावाचं एक टूल होतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ काम पूर्ण झालं, आता पुढच्यांनी सुरू करावं. दुसरं होतं ‘काम थांबवा’. दोन्हींखाली एकच ओळ होती: ‘कामाची स्थिती बदलते.’ एजंटनं ‘बंद’ वाचलं, ‘बंद’ नावाचं टूल उचललं. दरडीचं काम ‘पूर्ण’ झालं, आणि भावाला निरोप गेला.

भावाला फोन लावला. लागेना. घाटात रेंज नसते हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी लावत राहिले. पुण्यातल्या आमच्या प्रमुखांना कळवलं. त्यांनी नोंद लगेच मागे फिरवली, कंत्राटदाराच्या ऑफिसात फोन केला. ऑफिसातला माणूस म्हणाला, गाडी पाठवतो. पण भाऊ तर पाटण सोडून केव्हाच पुढे गेला असणार.

मी उठले, बसले, गॅलरीत गेले, परत आले. आई पावटा सोलत होती.

“काय झालं गं? सारखी येरझाऱ्या घालतीयास.”

“काही नाही.”

“काही न्हाई तर मग बस की हितं.”

बसले. शेंगा हातात घेतल्या आणि दाणे सालींच्या ढिगात टाकत राहिले. आईनं ते पाहिलं आणि ढीग आपल्याकडे ओढून दाणे वेचायला लागली.

दुपारी त्याचा फोन आला.

“आक्का, काय नगं काळजी. समदी बरी हाईत.”

“कुठं आहेस तू?”

“खाली आलोय. वर पोचून सामान उतरवत हुतो. तवर टेम्पोच्या काचंवर दगड आला बघ. लय मोठा न्हवता, पर काचंचा चुरा झाला. मी वरडलो, समदी पळत सुटली. ड्रायव्हर खाली उतरला हुता म्हणून वाचला. झालंय म्हणून निरोप आला हुता न्हवं आक्का? मग असं कसं?”

मी त्याला सगळं सांगितलं.

“आमी तर रोजच म्हणतो की, काम बंद हाय. जेवायला बसलो तरी बंदच म्हणतो.”

त्याच संध्याकाळी मी टूलचं नाव बदलून ‘काम पूर्ण झाल्याची नोंद करा’ असं केलं. खाली लिहिलं: ‘काम संपल्याचं माणसानं स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा. वापरल्यावर पुढच्या कामाच्या लोकांना सुरू करण्याचा निरोप जातो. नुसतं “बंद” म्हटलं असेल तर वापरू नका. आधी विचारा: संपलं की थांबवलं?’

प्रमुख म्हणाले, “वर्णन जरा लांबतंय. एजंटला इतकं लागत नाही.”

“लागतं,” मी म्हणाले. “टेम्पोच्या काचेचा फोटो पाठवू?”

त्यांनी ओळी तशाच ठेवल्या. मी मुकादमाचंच वाक्य एजंटला पुन्हा दिलं, तेव्हा त्यानं नोंदीत काहीही न बदलता विचारलं, ‘काम संपलं आहे की तात्पुरतं थांबवलं आहे?’

तरी जीव ठिकाणावर येईना. रस्त्यानं जाताना, दुकानात उभी असताना लोकांचं बोलणं कानात अडकायला लागलं. पाणी सोडलं म्हणजे सुरू केलं, आणि नोकरी सोडली म्हणजे संपवली. दरड काढली म्हणजे हटवली, आणि नवीन काम काढलं म्हणजे सुरू केलं. घरी आले की चप्पल काढायच्या आधी मी लॅपटॉप उघडते. आई विचारते, आता काय राहिलं? “अजून शब्द,” म्हणत मी पुढच्या टूलखालची ओळ लिहायला घेते.