इंदूबाईची चुगली आणि माझी दाढ

इंदूबाई गेली. वय ब्याण्णव. शेवटपर्यंत चुगलखोर.

माझी थोरली बहीण. रडकी पोस्ट तिला खपायची नाही, म्हणून ही दाढेची गोष्ट.

मी तेव्हा आठ वर्षांची. आपलं वऱ्हाड तेव्हाच्या सी.पी. अँड बेरार प्रांतात, राजधानी नागपूर. आमच्या वरवट बकाल गावात दाढ दुखली की उपाय दोनच. बिब्बा भरा, नाहीतर उपटा.

माझी नुकती आलेली पक्की दाढ किडली. ती गेली की पुन्हा येणार नव्हती. बाबा आम्हा दोघींना घेऊन थेट खामगावच्या दातांच्या डॉक्टरकडे निघाले.

रस्ताभर इंदूबाईचं ट्रेनिंग चालू.

"हे पाय, डॉक्टरनं विचारलं तं दुखत नाही म्हणजो. दुखते म्हटलं का उपटलीच समज!"

डॉक्टरांनी दाढेला बर्फ लावला. डोक्यापर्यंत कळ गेली हो!

"दुखलं का बाळ?"

"नाही." वर हसलेसुद्धा. ॲक्टिंग एकदम फर्स्ट क्लास.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "थंड कळत नाही म्हणजे दाढेतला जीव मेला. काढावी लागेल."

आणि त्यांनी पक्कड उचलली.

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात मागून इंदूबाई ओरडली,

"खोटं बोलून राह्यली ते! चार दिवसांपासून रडते! मीच शिकवलं तिले!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की बस्स.

डॉक्टर मात्र खूश. "दुखतं? अरे वा! मग जिवंत आहे की!"

सुई देऊन त्यांनी आतला सुजलेला भाग तेवढा काढला. लालभडक रक्त आलं आणि लगेच थांबलं, म्हणजे खालचा भाग धड, त्याचाही त्यांना आनंद! उरलेल्या जिवंत भागावर चुन्यासारखी पांढरी पेस्ट, वर सिमेंट.

"मूळ अजून वाढायचं आहे तिचं. जीव राहिला तर वाढेल."

वाढलं. ती दाढ मला साठ वर्षं पुरली.

दवाखान्याबाहेर इंदूबाईला बाबांचा धपाटा मिळाला, शिकवल्याबद्दल. मग जिलेबी, खरं सांगितल्याबद्दल. माझं तोंड बधिर, मी नुसती बघत बसले. रागच आला मला तिचा!

मार बसणार हे तिला पक्कं माहीत होतं. तरी बोलली.

मागच्या महिन्यात माझ्या सुनेला तिचा फोन. "तुयी सासू बीपीच्या गोळ्या घेत नाही, पाय जरा."

मी चिडून दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. गोळ्या मात्र सुरू झाल्या.

थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, बाई. आज सगळ्यांसमोर म्हणते.

सुखानं जाय. सकाळची गोळी घेतली मी.