टाके न उसवता रिकामं झालेलं पार्सल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधी सांगून ठेवतो. मी कर्जत स्टेशनात पार्सल बाबू आहे. गाठोड्यातून माल नाहीसा झाला की लोक चकव्याचं, हडळीचं नाव घेतात… मी मात्र दोन पायांचा चोर शोधतो, आणि बहुतेक वेळा तो सापडतोही. या एका वेळी सापडला नाही.

आमचं गाव खालापुराकडं, डोंगराच्या पायथ्याला. घरी आई आणि धाकटा भाऊ कान्हू. आमच्याकडं भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजावी लागते आणि त्यासाठी झाडांचा टहाळ लागतो. आजा-पणज्यापासून तो डोंगरावरून आणत आलो. मग सरकारनं डोंगर राखीव केला. कान्हू टहाळ तोडताना सापडला, जंगलच्या शिपायाशी झटापट झाली, शिपाई पडला, त्याला लागलं… झालं. सक्तमजुरी. डोंगर आमच्या दारात आणि चोरही आम्हीच!

त्याला दूरच्या एका जेलात ठेवलं. नाव मुद्दाम देत नाही. तिथून सुटून आलेल्या एका माणसानं निरोप आणला, की कान्हूचा ताप हटत नाही आणि जेलची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही. मी जेलात अर्ज केला. आजारी कैद्याला घरचा खाऊ देऊ, असं उत्तर आलं. आईनं नाचणीचे लाडू केले, पळसाच्या पानांत बांधले, वरून मांजरपाट शिवला. ती प्रत्येक टाका मागं नेऊन पुन्हा पुढं घालते, तशी शिवण दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मी स्वतः लाखेचं सील मारलं आणि पार्सल रवाना केलं.

ते परत आलं, वर जेलचा शेरा. ‘बाहेरचे खाद्य घेता येत नाही.’ ज्यांनी देऊ म्हणून लिहिलं, त्यांनीच!

पार्सल हातात घेतलं तर हलकं लागलं. सील माझंच, शाबूत. शिवण आईचीच, एक टाका इकडचा तिकडं नाही. स्टेशन मास्तरांना बोलावून त्यांच्यासमोर कापड कापलं. आत एकही लाडू नव्हता… पळसाची पानं तेवढी होती, एकावर एक नीट रचलेली, गुळाचा वास येणारी.

माझं डोकं भडकलं. जेलच्या कुठल्या तरी शिपायानं हात मारला, अशी माझी खात्री. सील कसं जमवलं ते त्याच्याकडूनच वदवून घेऊ, म्हणून रजा टाकली आणि सीलसकट कापड घेऊन जेल गाठलं.

तिथं साहेबांनी मलाच दरडावलं. तुमच्या भावाजवळ चोरून आणलेले लाडू सापडले, म्हणाले. पायात बेडी ठोकली आहे आणि शिक्षेतली सूटही रद्द.

भेटीची परवानगी मागितली. गजांपलीकडं कान्हू उभा होता. वाळला होता, पण डोळ्यांत तापाची झाक नव्हती. मी खालच्या आवाजात विचारलं, कुणी दिले?

“कुनी नाय रं दादा,” तो म्हणाला. “सकाळी उठलो तर उशाशी हुते. आयेचेच. तिच्या बोटांचे वळ हुते त्यावर, ते मी वळखत नाय काय? शेजारच्यांना पन दिले. आता साहेब इचारतो कुनी आनले. जे मला ठावं नाय, ते काय सांगू?”

कान्हू भांडेल, मारामारी करेल, पण खोटं त्याला जमत नाही. मी पुन्हा साहेबांच्या टेबलापाशी गेलो आणि कापड पुढं ठेवलं.

“साहेब, पार्सल तुम्ही घेतलं का?”

“नाही. तसंच परत पाठवलं.”

“उघडलं?”

त्यांनी सील निरखून पाहिलं. “नाही.”

“मग लाडू आत कोणी आणले?”

“कोणीही नाही. झडतीशिवाय आत काही येत नाही. तुमचा भाऊ सांगतो तसं जगात घडत नसतं.”

“मलाही तेच वाटतं,” मी म्हणालो. “पण कोणी आणलेच नसतील, तर बेडी कशाबद्दल?”

त्यांनी शिपायाला खूण केली आणि मला बाहेर काढलं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ना घाबरली, ना तिनं हात जोडले. “पन पोटात गेलं ना त्याच्या?” एवढंच विचारलं. हो म्हटल्यावर उठून गोठ्यात गेली.

त्यानंतर मी अर्जांवर अर्ज केले. बेडी निघाली नाही, सूटही मिळाली नाही. भातकापणी उरकल्यावर कान्हू सुटून आला. घोट्याला बेडीनं झालेल्या जखमा भरल्या, पण पाय कायमचा अधू झाला. आता चिखलात रोप लावताना तो दर थोड्या वेळानं बांधावर टेकतो.

शिवलेल्या कापडातून लाडू गेले कसे, याचा उलगडा मला आजही होत नाही. वाचकांपैकी कुणाला होत असेल तर अवश्य लिहावं, मी विचार करीन. बेडीचं मात्र मला दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं नाही. ती हातानं ठोकलेली होती, दिवसाढवळ्या, आणि ठोकायला लावणारा माणूस अजून त्याच खुर्चीवर बसतो.